पाचव्या दिवसाची भट्टी

मधली बोलायला लागली की तिचा थोरला भाऊ छताकडे बघायचा. ती भांडखोर नव्हती. पण हिशेबातली गोष्ट ती हसत हसत अशी मांडायची, की समोरच्याला पळायला वाट उरायची नाही.

अब्बा गेले आणि मागे पाव भाजायची, विटांनी बांधलेली एक मोठी भट्टी राहिली. वारस तिघे, थोरला, मधली आणि धाकटा. आई आधीच गेलेली. आपल्याकडे अशा वेळी बहिणीसमोर हक्कसोडीचा कागद येतो, बहीण पदराने डोळे पुसते, 'भाऊ सुखी तर मी सुखी' म्हणते आणि सही करते. कागद मधलीसमोरही आला. तिने तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि मौलवींकडे नेला. तिला पैसे नको होते, भट्टी हवी होती. लग्नाआधी बारा वर्षं अब्बांच्या शेजारी उभी राहून तिने तिथेच पीठ मळलं होतं.

मौलवी म्हणाले, पाच हिस्से. दोन-दोन भावांचे, एक बहिणीचा. तो तिने खुशीने सोडला तर तिची मर्जी, लाजवून सोडायला लावला तर ते सोडणं नव्हे. भट्टी काही कापता येत नाही, तेव्हा पाळी लावा. थोरल्याचे दोन दिवस, धाकट्याचे दोन, मग हिचा एक. लाकडं ज्याची त्याने आणायची आणि दिवस मगरिबपासून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्त ते सूर्यास्त, धरायचा.

थोरल्याने मान डोलावली आणि मनात डाव रचला. धाकट्याने आपल्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच निखारे ओढून काढले, भट्टीचं तोंड आणि धुराड्याचं झाकण सताड उघडं ठेवलं. धाकटा बिचारा थोरल्याने सांगितलं की विहिरीतही उतरेल. मगरिबला मधली आली तेव्हा भट्टी इतकी गार, की विटांना खुशाल पाठ टेकून बसता आलं असतं.

ती पहाटेपर्यंत लाकडं घालत राहिली. एरवी चाळीस पत्रे भरून पाव निघायचे तिथे चार निघाले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळलं. थोरल्याला वाटलं, दोन पाळ्यांत बाईसाहेब गार.

दुपारी मधलीने हातात फावडं घेतलं. सगळे निखारे बाहेर ओढले, तोंड उघडलं, धुराडंही उघडलं. पाणी मात्र मारलं नाही. पाण्याने विटा तडकतात आणि विटा तिघांच्या होत्या.

मगरिबला थोरला आला, भट्टीत हात घातला आणि तापला तो स्वतःच.

"हे काय केलंस?"

"भाई, भट्टी तिघांची, निखारे माझ्या लाकडांचे. मला मिळाली तशी तुला दिली."

"उद्या मी विकू काय?"

"मी आज विकलं तेच. चार पत्रे." मग तिचा आवाज जरा उतरला. "अब्बांनी तीस वर्षं ही गार होऊ दिली नाही. गरम घेऊ, गरम देऊ. बोल, जमेल?"

थोरला छताकडे बघायला गेला, पण छतावर तीस वर्षांची अब्बांचीच काजळी होती. त्याने मान खाली घातली. मधली घरी गेली आणि पाचव्या दिवसासाठी लाकडं फोडून ठेवली. नवऱ्याने विचारलं, पुन्हा गारच मिळाली तर? ती म्हणाली, तर पुन्हा तापवीन आणि पुन्हा गार करून देईन, लाकडं पुष्कळ आहेत.

पाचव्या दिवशी मगरिबला तिने भट्टीचं लोखंडी दार ओढलं आणि गरम झळ थेट तोंडावर आली. निखारे उजव्या कोपऱ्यात सारून, वर राखेचा जाड थर देऊन झाकले होते. अब्बा तसेच झाकायचे. ही रीत धाकट्याला येत नव्हती. अब्बांनी ती एकट्या थोरल्याला शिकवली होती. म्हणजे आज धाकट्याच्या पाळीत थोरला स्वतः येऊन हे करून गेला होता.

मधली पिठाच्या गोणीवर बसून पोटभर रडली. मग नाक पुसलं, बाह्या वर केल्या आणि चाळीस पत्र्यांचं पीठ भिजवलं.