मागच्या खोलीतला आवाज

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं!" पण मी गप्प बसते म्हणून लोक माझ्यासमोर सगळं बोलतात, आणि मग किस्से साठतच जातात. नावं बदलली आहेत. तंजावरात त्यानं काही फरक पडत नाही म्हणा!

आत्या कॉलेजात शिकवते. आपल्या मराठी घरांतल्या बायका-पुरुषांना स्वयंपाक करताना बोलतं करून तिनं रेकॉर्डिंग केलंय. ते आता कॉलेजच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात जाणार, जगात कुणीही ऐकू शकणार. सुट्टीत फाइल्स नीट लावायला मी. नियम एकच: नाव काढायचं, नंबर द्यायचा.

गोपाळमामांचंही रेकॉर्डिंग होतं; त्यांना आपला नंबर कळला आणि ते तडक घरी आले.

"मी पाच? आणि माझा धाकटा भाऊ दोन?"

"मामा, नंबर कसेही पडलेत. त्यात मान-अपमान नाही."

"लग्नपत्रिकेत धाकट्याचं नाव असं आधी छापशील का?"

आता मामा 'वक्ता एक' आहेत. सगळ्या फाइल्सची नावं मला पुन्हा बदलावी लागली!

नावं काढल्यावर कुणी ओळखू येतंय का, हे तपासायला आत्यानं अप्पांना, म्हणजे माझ्या बाबांना, एक तुकडा ऐकवला. त्यात कुणी बोलतही नव्हतं, नुसती फोडणी.

"अंबुजाकाकू," अप्पा म्हणाले.

"अय्यो! कसं कळलं?"

"मोहरी तडतडायच्या आधीच हिंग टाकला. दुसरं कोण?"

आत्यानं कपाळाला हात लावला. अप्पांनी समजूत घातली, "बाहेरच्यांना नाही कळणार गं. आणि आपल्यांपासून लपवायचंय काय?"

रिपॉझिटरी सांभाळणारे सेल्वम सर फार काटेकोर. दह्यात कालवायच्या डांगर पच्चडीच्या कृतीत 'मूठभर उडदाचं पीठ' वाचून त्यांनी फोन केला, "मॅडम, कोणाची मूठ?" आत्यानं अंबुजाकाकूंना विचारलं. काकूंनी माझा हात धरून मूठ वळवली, निरखून पाहिली आणि सोडून दिली. "हिच्या मुठीनं केलीस तर पच्चडी पातळ होईल. लग्नानंतर बघू!" मी स्वयंपाकघरात पळाले. शेवटी वजनकाटा आणला.

हसण्यासारखं नव्हतं ते एकच. अंबुजाकाकूंची फाइल सगळ्यांत चांगली, पण तिच्यात मागच्या खोलीतून काकांचा आवाज येतो. काकांनी संमती दिलेली नव्हती, आणि पोंगलच्या सुमारास ते गेले. सेल्वम सर म्हणाले, घरच्यांनी सही केली तर आवाज राहील, नाहीतर कापा. शुक्रवारपर्यंत.

आत्या घाबरत घाबरत काकूंकडे गेली. मी लॅपटॉप धरून मागे.

"कापायचा म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे... तेवढा आवाज बंद होईल."

"जन्मभर मी गप्प बसा म्हणाले, तेव्हा ते बसले नाहीत. तू एका बटणात बसवणार?"

मग म्हणाल्या, "सही नंतर. आधी ऐकव."

मी फाइल लावली. भांड्यांचे आवाज, काकूंचं बोलणं, आणि मागून काका, "अगो, कॉफी झाली का?"

"झाली, झाली, आणते!" म्हणत काकू खुर्चीतून उठल्यासुद्धा.

काकू हळूच खाली बसल्या आणि त्यांनी पेन मागितलं.

सही झाल्यावर आत्यानं मला फाइलचं वर्णन टाइप करायला सांगितलं. काकूंना देवनागरी वाचता येत नाही. "काय लिहिलंस, वाच."

मी वाचलं, "मागे घरातल्या एका पुरुषाचा आवाज."

"पुरुष काय, पुरुष! नीट लिही. कॉफी मागतायत, अजून दिली नाही."

मी आत्याकडे बघितलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिनं तशीच मान हलवली, म्हणून मी ते तसंच टाइप केलं, आणि सेव्ह करणार इतक्यात काकूंनी माझा हात धरून सांगितलं, "आणतेय, असंही लिही." आले, आत्या, आले! नाही गं, कुठं काय, अभ्यासच करतेय!