ओठातल्या ओठात जप

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू बायांनो! चहा ठेवलाच आहे तर ऐका. हसा खुशाल.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे हे सुरतला, नवागामात राहून कापड विणायचे लूम चालवायचे आणि मी अमळनेरकडच्या खेड्यात सासूपाशी. लग्नाला बावीस वर्षं झालेली, पण दिवाळीचे आठ-आठ दिवस जोडले तर संसार सहा महिन्यांचासुद्धा नाही!

एक दिवस निरोप आला, यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान तर मशिनींच्या खडखडाटानं आधीच गेलेले. मी सुरत पहिल्यांदा पाहिलं ते असं.

गल्लीत एक म्हातारे वैद्यबुवा होते. रोज सकाळी येऊन कोमट तेलानं मालिश करायचे, निर्गुडीच्या पाल्याच्या पोटलीनं शेकायचे. मला म्हणाले, "ताई, नुसत्या तेलानं भागत नाही. मालिश चालू असेपर्यंत समोर बसून धन्वंतरीचा मंत्र म्हणायचा. घरच्या माणसाच्या तोंडचा जप औषधाइतकाच लागू पडतो."

"पण बुवा, यांना ऐकू कुठे येतं?"

"कानाला नसेल येत. शरीराला येतं."

मंत्र त्यांनी तीनदा सांगितला, मी तीनदा मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी बसले, तर 'ॐ नमो भगवते'च्या पुढे सगळं कोरं! पुन्हा विचारायची लाज वाटली. बुवा पाठमोरे, पायाला तेल चोळतायत. ओठ तर हलले पाहिजेत! मग जे मनात होतं तेच बोलू लागले. आवाज न काढता, ओठातल्या ओठात.

"दरवर्षी तीच डागाळलेली नायलॉनची साडी आणता, काही वाटत नाही का?" सुरुवात ही अशी. मग सासूची पाळी आली. जपाच्या दुसऱ्या दिवशी मी कबूलच करून टाकलं, की म्हैस आटली नव्हती, दूध मी सासूच्या चोरून चहावाल्याला घालायचे. तिसऱ्या दिवशी मात्र आमच्या बाळूचं निघालं. सहा वर्षांचा होऊन गेला तो.

"पोरगं तापात तीन दिवस बाबा-बाबा करत होतं. तुम्ही आलात ते दहाव्याला. आल्यावर एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही नसल्याची मला सवय आहे. उद्या गेलात तरी काही फरक पडायचा नाही."

असं बोलले मी! देवाचं नाव घ्यायचं तिथे!

आणि यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बुवांनी वळून पाहिलं, चोळता हात थांबवला. "बघा ताई! मंत्र पोचला!"

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर. शेजारची मंजूबेन धावत आली, "बेन, मारी सासुना घुंटण माटे पण बेसो ने!" म्हणजे तिच्या सासूच्या गुडघ्यांसाठीही मी बसायचं. बसले! तिथे काय बोलावं सुचेना, तर मी वाणसामानाची यादी म्हटली. तूरडाळ, गूळ, जिरं... आणि खोटं नाही सांगत, चौथ्या दिवशी म्हातारी जिना उतरली! लोक मला 'जपवाल्या ताई' म्हणू लागले. मीही मान डोलवायचे.

रविवारी सोपान आला, यांच्या शेजारचा लूम चालवणारा. खाटेवर बसला आणि नुसतेच ओठ हलवू लागला. आवाज नाही! यांनी डावीकडचे ओठ हलवून उत्तर दिलं. सोपान हसला.

"भाऊ, हा काय प्रकार?"

"वहिनी, खात्यात, म्हणजे आमच्या कारखान्यात, सगळ्या मशिनी एकदम धडधडतात. तिथं कानाचा काय उपयोग? आम्ही लूमवाले ओठच वाचतो. दादाइतकं पक्कं तर कोणीच नाही! दोन रांगा पलीकडचा काय बोलतो तेही सांगायचे. आता तोंड वाकडं झालंय, म्हणून त्यांचं मला अर्धंच कळतं."

साडी, सासू, म्हैस... आणि बाळू. सगळं वाचलं होतं यांनी. शब्द न् शब्द!

दुसऱ्या सकाळी मी तोंडावर पदर घेऊनच बसले. बुवांनी मालिश सुरू केली. तर यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि माझा पदर ओढून खाली केला. मग स्वतःच बोलू लागले. अर्धे ओठ, आवाज नाही. थांबत, दम घेत, पुन्हा बोलत. बावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता.

मी वाकून वाकून पाहिलं. एक अक्षर कळलं नाही हो.

सोपानला बोलावता आलं असतं. पण नवराबायकोतलं बोलणं परक्याकडून कसं वाचून घ्यायचं? म्हटलं, वाचा येईल तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकू. आठ दिवसांत हेच गेले.

आणि त्या सकाळी मी काय केलं, माहितीय? सगळं बोलून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, उत्तराची वाट पाहत. आणि जपवाल्या ताईंनी विचारलं, "पाणी हवंय का?"

त्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. तहान नव्हती, दिसत होतं मला. तरी अख्खा पेला प्यायले बिचारे, मी आणला म्हणून.