सूचीत नसलेली साखर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटनवरची, सामान्य वाचकांसाठी लिहिलेली इतिहासाची पुस्तकं मी हातात पेन्सिल घेऊन वाचतो. दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत, तर शेवटच्या कोऱ्या पानावर तशी नोंद करतो. एका दुपारी आई मेथी निवडत बसली होती. लंडनच्या माणसाला तेव्हा आठवड्याला किती साखर आणि किती लोणी मिळायचं, ते मी तिला वाचून दाखवलं.

आई तळवली गावात वाढली आणि आता नव्वदीला टेकली आहे. ती म्हणाली, “आमालाबी साखर मोजूनच मिलायची. लढाई चालू व्हती ना.”

“ते नंतरचं असेल, आई. तुझी गल्लत होतेय,” मी म्हणालो. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

संध्याकाळी शंका आली, म्हणून माझ्याकडच्या चारही पुस्तकांच्या शेवटी दिलेल्या सूची तपासल्या. हिंदुस्थान होता, पण सैनिकांच्या संख्येपुरता. म्हणजे आई चुकली असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. हल्ली ती शेजाऱ्यांची नावं विसरते. ही आठवण तरी किती दिवस टिकेल, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला साखरेचं विचारलं, तर म्हणाली, “तुज्या पुस्तकात नाय ना? मंग नसंल.”

“पुस्तकात राहून गेलंय. तू सांग, मी लिहून घेतो.”

तिने पेन्सिलीकडे पाहिलं. “लिव मंग. तवा मी सात वरसांची व्हते.”

सवयीने मी लढाईच्या सालातून तिचं जन्मसाल मनात वजा करायला लागलो. मग थांबलो आणि ‘सात’ लिहिलं.