ओकाचे देऊळ आणि वडगाव

तहसील कचेरीसमोर मी गेली कित्येक वर्षे अर्ज लिहीत आलो असून माझ्या मसुद्यात साहेबलोकही सहसा खोट काढीत नाहीत. परवा वडगावच्या गंगूबाई लेकीचे नाव शिधापत्रिकेतून कमी करण्याचा अर्ज लिहवून घेण्यास आल्या. लेक परिचारिका होऊन आयर्लंडातील किल्डेअर नामक गावी कायमची स्थिरावली आहे.

“ती सांगते, किल्डेअर म्हणजे ओकाच्या झाडाचं देऊळ,” बाई म्हणाल्या.

माझी लेखणी थबकली. ओक मी पाहिलेला नाही. तथापि दूरच्या धुक्यात एक विशाल वृक्ष आणि त्याच्या सावलीत लहानसे देऊळ मला दिसू लागले. माणसे जेथे जातात तेथे आधी सावली शोधीत असावीत, आणि मग तिच्याच नावाने गाव वसवीत असावीत.

मी अर्ज पुरा करून पुढे सरकवला, तेव्हा अंगठ्याला शाई लावीत बाईंनी विचारले, “ते झाड असेल का हो अजून?”

“सांगता येणार नाही. तुमच्या वडगावातला वड तरी कुठे उरलाय?”

“रस्त्यात गेला तो. पण म्हणून गावाचं नाव कुणी खोडलं का, भाऊ?”

शाई लावलेला अंगठा त्यांनी सावकाश पदराला पुसला. अर्ज तसाच राहिला. तो पुन्हा त्यांच्यापुढे सरकवण्यास माझा हात धजला नाही.