दोन टाक्या आणि एक घागर

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, कड्याजवळच्या एका दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन टाक्यांसमोर बसलेली असायचे. ती माझी बॅटरी होती. टाक्यांत व्हॅनेडियम या धातूचं द्रावण. पंप ते मधल्या पेटीतून फिरवायचे आणि छतावरच्या सोलरची वीज त्यात साठायची. दुपार चढेल तसा एका नळीतला निळा रंग पिवळा व्हायचा, दुसरीतला हिरवा जांभळा. बाहेर सगळं रान करपून एकाच रंगाचं झालेलं, आणि इथे मी ऊन साठताना बघत होते. डोळे जड व्हायचे. पंपांच्या घरघरीत वाटायचं, आता जगात काही बिघडणार नाही.

पंधरा दिवस, रोज संध्याकाळी लाईट गेली की दूध थंड ठेवून दाखवायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा, असं संस्थेशी ठरलं होतं. सात वर्षं मी याच एका गोष्टीमागे होते. अकरा दिवस छान गेले.

बाराव्या दुपारी एका नळीतला रंग फिकट दिसला. तिची टाकी काठोकाठ भरलेली, आणि शेड झाडणाऱ्या मावशी शेजारी रिकामी घागर घेऊन उभ्या.

"ही टाकी खाली गेलती, ताई. दुसरी भरल्याली. म्हनलं, हिच्यात बी पानी वतावं."

पाण्यानं द्रावण पातळ झालं होतं, आता त्यात पुरेशी वीज साठणार नव्हती. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले, अडाणीसुद्धा म्हणाले. द्रावण एकीतून दुसरीत झिरपतं, पातळी घटते, हे मला ठाऊक होतं. मावशींना सांगायचं मीच विसरले होते. टंचाईत आमच्याकडे कुणाला अर्धं भांडं बघवत नाही. मी इथलीच, मला हे कळायला हवं होतं. त्या संध्याकाळी दूध नासलं.

सकाळी मी लाजत त्यांच्या घरी गेले. सून दारातच म्हणाली, "टँकर चार दिसांनी आलता. दोनच घागरी भेटल्या. एक आत्यांनी तुमच्याकडं आनली. राती भाकरी न्हाई केली आमी."

मावशी बाहेर आल्या, माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "टाकीला काय झालं न्हाई ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यामुळंच चालली."

बॅटरी न्यायला टेम्पो निघालाच होता.