एका धाग्यात सारं गाव

फोन-इंटरनेटच्या फायबर केबलचे जॉइंट मारणं हा माझा धंदा आणि चटकन तापणं हा स्वभाव. खामगावकडच्या उंद्रीजवळ एका वावरात दोन्ही एकदम कामाला आले. ठिबकची पाइपलाइन टाकताना शेतमालक काकांच्या कुदळीनं केबल तुटली होती. तुटली तर तुटली. पण काकांनी मोटारीची वायर जोडावी तशी ती सोलली, टोकांना पीळ दिला आणि वरून काळी टेप गुंडाळली. काचेच्या धाग्याला पीळ! मी त्यांना नको नको ते बोललो. ते मान खाली घालून उभे राहिले.

काकू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसल्या होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी पुण्याच्या दवाखान्यात होती. सकाळी तिचा फोन आला आणि बोलता बोलता तुटला. तेव्हापासून काकू काकांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, माह्या पोरीचा धागा आधी जोड ना," त्या मला म्हणाल्या.

"काकू, तिचा येगळा धागा नाही. टावरले जाणारा साऱ्या गावाचा हा एकच."

"मंग बोलणं एकमेकात मिसळत नाही काय?"

माझा राग तिथंच उतरला, कारण याच गोष्टीचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं. केसाएवढा धागा. त्यातून डोळ्यांना न दिसणारे वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकदम धावतात. एकेका रंगात कितीतरी जणांची बोलणी, बारीक तुकडे होऊन, आळीपाळीनं. पलीकडे ज्याचे तुकडे त्यालाच जुळून मिळतात. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या असतात तसंच, फक्त इथं पाळीवरून कुणी भांडत नाही. हे ज्यानं शोधलं त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटतं.

मी टोकं पुसली, कापली, मशीनमध्ये समोरासमोर बसवली. एक बारीक ठिणगी पडली आणि काच काचेला जुळली.

थोड्या वेळानं, एव्हाना धुऱ्यावर जमलेल्या गावकऱ्यांचे फोन एकदम वाजू लागले. कुणाला बँकेचा मेसेज, कुणाला खामगावचा कापसाचा भाव. काकूंच्या फोनवर जावई होता. त्या नुसत्या ऐकत होत्या. मग मलाही ऐकू आलं, बाळाचं रडणं. एवढ्या गर्दीतून ते नेमकं याच फोनमध्ये आलं होतं. माझे डोळे भरून आले.

काका अजून खड्ड्यापाशीच होते, हात मातीनं भरलेले. काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"आयका," त्या म्हणाल्या. "नात झाली तुमाले."