वाटे लावलं

कागदोपत्री ते प्रकरण मीच बंद केले. मनातून मात्र ते कधी बंद झाले नाही. अलीकडे ते अथपासून इतिपर्यंत आठवले, ते डब्लिनच्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीसमोर उभा असताना.

२०२० च्या जानेवारीत माझी पत्नी पुण्यात वारली. फेब्रुवारीत मुलगा मला दोन महिन्यांसाठी म्हणून डब्लिनच्या ओंगार उपनगरात आपल्या घरी घेऊन आला आणि मार्चमध्ये विमानेच बंद झाली. मुलगा आणि सून, दोघांची कार्यालये शहरातल्या ग्रँड कॅनाल डॉक भागात, तीही बंद. दोघे घरातूनच काम करत. मी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसे. कोणी विचारले तर उत्तर देई, आपणहून बोलत नसे.

ऑगस्टमध्ये संग्रहालये उघडली, तेव्हा सुनेने मला न विचारताच दोन तिकिटे काढली.

"बाबा, व्हिक्टोरियन काळातल्या एका खुनाचं प्रदर्शन आहे. तुम्हाला आवडेल."

"अगं, खून कोणाला आवडतो?" मुलगा म्हणाला.

"बाबांनी तीस वर्षं दुसरं काय केलं?"

"खून केले नाहीत, तपास केले," मी म्हणालो. दोघे गरजेपेक्षा जास्त हसले. कित्येक महिन्यांत मी आपणहून बोललेले ते पहिलेच वाक्य असावे.

प्रकरण त्या काळी देशभर गाजलेले होते. एका शेतावरच्या मोलकरणीने मालकिणीचा खून केल्याचा आरोप होता आणि तिला फाशी झाली होती. दाराची मोठी किल्ली, वर्तमानपत्रातली चित्रे, घटनास्थळाचा नकाशा, सगळे नीट मांडले होते. नकाशात खिडकीपासून दारापर्यंतचे अंतर दिलेले नव्हते, हे मी सवयीने टिपले. आमच्याकडे असा पंचनामा वरिष्ठांनी तोंडावर फेकला असता.

शेवटच्या पेटीत त्या मोलकरणीचा जबाब होता. वळणदार अक्षरातले स्वच्छ इंग्रजी, खाली सहीच्या जागी फुलीची खूण, आणि त्याखाली पोलिसाने लिहिलेले, की जबाब तिला वाचून दाखवला व तिने तो मान्य केला. बाजूच्या फलकावर लिहिले होते, की तिला इंग्रजी येत नव्हते. ती फक्त आयरिश बोलत असे.

मी तिथून हललोच नाही. पहारेकरी दुरून विचारत होता, "यू ग्रँड देअर, सर?" सुनेने माझा दंड धरला आणि मला बाहेरच्या अंगणात बाकावर बसवले.

"ग्रँड, म्हणजे ठीक आहे, म्हणून सांगितलं मी त्याला," ती म्हणाली. "इथे ताप एकशे दोन असला तरी ग्रँडच असतं. काय झालं, बाबा?"

तेव्हा मी तिला जे सांगितले, तेच इथे लिहीत आहे.

मी तेव्हा विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मी पुण्याचा. एका सकाळी शेजारच्या खेड्यातला एक तरुण बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. बायको विशीतली, लग्नाला दोन वर्षे झालेली. नोंद घेतली, वर्णन बिनतारी संदेशाने पाठवले. तिसऱ्या दिवशी बातमी मिळाली. गावातल्या एकाने सांगितले, की त्या पहाटे सासू सुनेला घेऊन नाल्याकडे जाताना दिसली होती आणि उजाडल्यावर एकटीच परतली होती. आम्ही नाल्याकाठ तपासला. झुडपात सुनेची साडी सापडली. साडीवर रक्त होते. शेजारी काढून ठेवलेल्या बांगड्या होत्या.

साठीच्या घरातल्या सासूला मी ठाण्यात आणले. स्थानिक शिपाई त्या आठवड्यात निवडणुकीच्या बंदोबस्तावर गेले होते. जिल्ह्याहून बोलावलेली महिला शिपाई दाराबाहेर बसलेली. खोलीत मी आणि जबाब लिहून घेणारा माझा रायटर हवालदार, तो साताऱ्याकडचा. म्हातारी दोन तास काहीच बोलली नाही. मग मी साडी तिच्यासमोर ठेवली. तिने ती मांडीवर घेतली, घडी घातली आणि म्हणाली, "म्याच वाटे लावलं तिले."

बाकावर माझ्या सुनेने मला थांबवले. ती ठाणे शहरात वाढलेली. "म्हणजे मारलं ना?"

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो.

रायटरने लिहिले, "मीच तिची वाट लावली." जबाब वाचून दाखवला, म्हातारीने मान हलवली, अंगठा उमटवला. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे मला पाठ होते. पण कबुली एकदा कानावर पडली की तपास तिच्यामागे धावू लागतो. अटक झाली, तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. आम्ही नाल्याची दोन्ही अंगे खणून काढली. प्रेत मिळेना. "प्रेत कुठे आहे?" या प्रश्नावर म्हातारी आमच्याकडे नुसती बघत राही. उपअधीक्षकांचा निरोप आला, की कोठडी संपण्याआधी प्रेत काढा, नाहीतर बाकीच्या पुराव्यावर दोषारोपपत्र तयार करा.

तिचा मुलगा रोज व्हरांड्यात येऊन रडायचा. ठाण्यातले लोक त्याला चहा द्यायचे. मीही दिला. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येऊन राहिली होती. तो दर वेळी "सापडली का?" एवढेच विचारी. "जिवंत आहे का?" असे त्याने एकदाही विचारले नाही.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्वार्टरवर जेवायला गेलो. तपासाची गोष्ट घरात काढू नये असा माझा नियम होता. पण त्या दिवशी मीच ती काढली. पत्नी वऱ्हाडातली. माझ्याशी पुणेरी बोलायची. राग आला किंवा माहेरचे कोणी आले, की वऱ्हाडीवर जायची.

"काय म्हणाली ती? तिच्याच शब्दांत सांगा."

मी सांगितले. माझी वऱ्हाडी ऐकून ती आधी हसली. मग भाकरीवरचा तिचा हात थांबला.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"मीच तिची वाट लावली. सरळ कबुली आहे."

"अहो पुणेकर, वाट लावणं वेगळं आणि वाटे लावणं वेगळं. वाटे लावणं म्हणजे गावाला निघालेल्याला वाटेपर्यंत पोचवून येणं. लग्नानंतर माझ्या आईनं मला वाटे लावलं. म्हणजे काय माझा जीव घेतला?" आणि लगेच, "तसा घेतलाच म्हणा. तुमच्या हाती दिलं."

मी ताटावरून उठलो.

"बसा. आधी जेवा. आणि तिला प्रेत कुठे म्हणून विचारू नका. आमच्याकडे कोणाला रिकाम्या हाताने वाटे लावत नाहीत. शिदोरीत काय दिलं, ते विचारा. मारणारीला त्याचं उत्तर यायचं नाही."

मी ठाण्यात आलो. रायटरला बाहेर पाठवले, महिला शिपायाला आत बसवले आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसलो.

"आजी, शिदोरीत काय बांधून दिलं तिला?"

तीन दिवस कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले. मग म्हणाली, "चार भाकरी. जवसाची चटणी. लोणचं नाही देल्लं, तिले उलट्या व्हत व्हत्या."

सुनेला दिवस गेले होते. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने तिला मारले होते, कपाळ फुटले होते. साडीवरचे रक्त ते. सासूने तिला आपले लुगडे नेसवले, म्हणजे एसटीत कोणी ओळखू नये. वाजू नयेत म्हणून बांगड्या उतरवल्या. नाल्यापलीकडच्या फाट्यावर पहिल्या गाडीत तिला बसवले आणि ती घरी येऊन चूल पेटवून बसली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"माहा पोरगा भाईर बसून हाय ना. तू त्याले चा पाजतं. म्या सांगतलं का तू कागदावर लिहिशीन, कागद वाचशीन, अन् तो तिले वापस घेऊन येईन."

"आणि तुला जन्मठेप झाली असती तर?"

"माहे किती दिस रायले आता?"

"मग जबाब वाचला तेव्हा मान का हलवलीस?"

"तुह्या मानसानं इतक्या भराभरा वाचलं. मले वाटलं, कचेरीत असंच बोलत असतीन."

सून कुठे आहे, ते मात्र ती सांगेना. पत्ता मिळाल्याशिवाय मला तिला सोडता येत नव्हते. आणि पत्ता माझ्या कागदावर आला, की तो मुलाच्या हाती जाणार होता. मी हे तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "माह्या पोराले सांगशीन?"

"नाही."

"तुह्या मायची आन घे."

गणवेशात, ठाण्यात, मी आईची शपथ घेतली. नियमात ते कुठे बसते, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत, महिला शिपायाला घेऊन, दोन जिल्हे ओलांडून गेलो. मुलगी तिच्या मावशीकडे होती. कपाळाला पट्टी, अंगावर सासूचे लुगडे. पोलीस म्हटल्यावर तिने आतून कडी लावली. "तुझ्या सासूनं शिदोरीत लोणचं दिलं नव्हतं," एवढे मी दाराबाहेरून म्हणालो, तेव्हा तिने कडी काढली. तिथल्याच दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब नोंदवला. आपण सज्ञान असून स्वतःच्या मर्जीने घर सोडले आहे, असे तिने सांगितले. तिचा पत्ता बंद लिफाफ्यात ठेवण्याची माझी विनंती साहेबांनी मान्य केली. परतल्यावर गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि म्हातारी सुटली.

मुलाला मी एवढेच सांगितले, की तुझी बायको जिवंत आहे आणि तिला तुझ्याकडे यायचे नाही. त्याचे रडे तिथल्या तिथे थांबले. "कुठं हाय?" त्याने विचारले. त्या आवाजाने माझी खात्री पटली. मारहाणीचा गुन्हा नोंदवायला मुलगी तयार नव्हती. मी त्याला लेखी समज दिली आणि आईच्या अंगाला हात लागला तर काय होईल, तेही सांगितले.

"तुला दुसरीकडे जायचं असेल तर सोय करतो," मी म्हातारीला म्हणालो.

"काऊन? तो पोरगा हाय माहा. त्याले भाकर कोन टाकून देईन?" ती म्हणाली आणि त्याच्याच मागे चालत घरी गेली.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती आमच्या क्वार्टरवर येऊ लागली. तिच्या सुनेची पोस्टकार्डे माझ्या पत्नीच्या नावाने यायची. पत्नी स्वयंपाकघरात बसून ती तिला वाचून दाखवायची. हळू, एकेक शब्द, तिच्याच बोलीत. मुलीला मुलगी झाली, ते असेच कळले. म्हातारीने ते कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले, जणू बाळ त्यावर कुठे तरी दिसेल.

पुढे माझी बदली झाली. सामान बांधले होते. शेवटचे कार्ड आले होते, त्यात मुलीने लिहिले होते, की लेक आता चालते, तिला एकदा तुमच्या पायांवर घालायला घेऊन येते. माझ्या पत्नीने विचारले, "काय लिहू उत्तर?"

म्हातारीने ते कार्ड मांडीवर पालथे ठेवले. मग म्हणाली, "लिव्हा बाई. येऊ नोको."

"एवढंच?"

"एवढंच. अजून काही लिव्हलं तं येईन ती."

पत्नीने तेवढेच लिहिले.

त्या तपासाबद्दल मला बक्षीस मिळाले. केस डायरीत मी "गुप्त बातमीदारामार्फत समजले" असे लिहिले होते. बायकोचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला ते सुचलेही नाही. तिनेही कधी विषय काढला नाही. मी तिला आभाराचा एक शब्द बोललो नव्हतो, हे मी डब्लिनच्या त्या बाकावर पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो.

सून म्हणाली, "आईंना माहीत असणार, बाबा."

"माहीत असणं वेगळं," मी म्हणालो. तिने वाद घातला नाही. रुमाल दिला.

त्या प्रकरणानंतर माझ्या कोणत्याही ठाण्यात जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहिला जाई आणि त्याच मुलखातल्या माणसाकडून वाचून घेतला जाई. रायटर लोक कुरकुरत. हा धडा तपासाचा होता, आणि तो मी नव्या मुलांना अनेकदा शिकवला. दुसरा धडा मला आता उमजतो आहे. गप्प राहणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, असे आम्ही पोलीस धरून चालतो. पुष्कळदा तो कोणाला तरी लपवत असतो. म्हातारीला आणि माझ्या बायकोला हे एका वाक्यात कळले होते. मला कळायला एका कोठडीचे तीन दिवस आणि नंतरची सगळी वर्षे लागली.

आम्ही उठलो, तेव्हा सुनेने विचारले, "ती आली का मग, लेकीला घेऊन?"

"नाही," मी म्हणालो. "सासूनं सांगितलं होतं ना. तिनं ऐकलं."